धाकूशी राहिलेलं भांडण

वरची वाडी, पो. पाली
ता. १४ नोव्हेंबर १९५४

चिरंजीव भागोजी यास महिपत आबाचा आशीर्वाद.

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला. इकडे सगळे जिवंत आहेत. मला मात्र झोप लागत नाही, त्याचं कारण लिहितो.

काल देवळात गावकी बसली. मागच्या शिमग्याआधी पौषात आपली मावशी करणारा धाकू गेला म्हणून वाडीने नमनाचा खेळ घातला नाही, ते गावाने गोड मानून घेतलं. यंदा तसं चालायचं नाही. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की पहिलं नमन वरच्या वाडीचं, हा मान माझ्या पणज्याच्या आधीपासूनचा. काशीराम गावकर सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी नाही तर गवळण नाही, गवळण नाही तर नमन कसला? तुमाला जमत नसेल तर सांगा, खालच्या वाडीला देऊ." खालच्या वाडीचे लोक मान खाली घालून बसले होते, पण त्यांच्या मिशा हसत होत्या. मी पाहिलं.

कृष्ण आहे, गौळणी आहेत. वाट अडवायला पेंद्या मी आहे. साठी उलटलेला पेंद्या तू कुठे पाहिला आहेस काय? पण दुसरा कोणी उभा राहत नाही. लुगडं नेसून गौळणींच्या पुढे चालणारी आणि पेंद्याशी हुज्जत घालणारी मावशीच तेवढी नाही. ते काम धाकूने वाडीत तुला एकट्याला शिकवलं आणि तू जाऊन बसलास गिरणीत.

रजा काढून ये. मिळेल का, कधी मिळेल, न मिळाली तर काय, सगळं उलट टपाली कळव. मान गेला तर तो माझ्या हयातीत गेला असं होईल.

महिपत

*

लालबाग, मुंबई
ता. २६ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप महिपत आबांस भागोजीचा पाया पडून नमस्कार.

रजेचं जमवतो. मुकादम आपल्याकडचाच आहे. बोटीने येईन. तुम्ही काळजी करू नका, असं लिहिणार होतो, पण तुम्ही करणारच.

माझी अडचण वेगळी आहे. मावशी मी एकदाच केली, धाकूमास्तरांना ताप होता तेव्हा, आणि ते अंथरुणातून उठून सहाणेच्या कडेला येऊन बसले होते म्हणून निभावलं. आता ते कडेला नाहीत. इथे आमचं मंडळ नाटकं करतं ती पुस्तकावरून. आडोशाला एक माणूस पुस्तक घेऊन बसतो, अडलं की सांगतो. मला आता तीच सवय झाली आहे.

तेव्हा एक करा. मास्तर मावशीचं जे बोलायचे ते लिहून पाठवा. मी पाठ करतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला आम्ही मास्तर म्हणायचो, त्यांच्या हातचं लिहिलेलं कुठून मिळणार? तुम्ही चार इयत्ता शिकलात आणि तीस वर्षं त्यांच्या समोर उभे राहिलात. तुमच्याइतकं त्यांचं बोलणं दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही.

भागोजी

*

वरची वाडी
ता. १० डिसेंबर १९५४

चिरंजीव भागोजी यास आशीर्वाद.

तू सोपं काम सांगितलंस असं तुला वाटत असेल. आठवडाभर पाट मांडून बसलो. दोन निबं मोडली. जमलं ते पाठवतो.

मावशी – अरे पेंद्या, वाट सोड.
पेंद्या – नाही सोडत.
मावशी – का नाही सोडत?
पेंद्या – कृष्णदेवाचा हुकूम आहे.
(इथे धाकू काहीतरी म्हणाला. लोक पुष्कळ हसले.)
पेंद्या – आधी दही दे, मग वाट सोडतो.
(इथेही तो काहीतरी म्हणाला. काशीरामचा बाप हसता हसता मागे पडला, त्याला दोघांनी उचलला.)
मावशी – मग आता वाट सोड.
पेंद्या – नाही सोडत.

माझं सगळं बरोबर आठवतं. त्याचं आठवत नाही. दर वर्षी वेगळंच बोलायचा. एके वर्षी रेशनच्या साखरेवर गेला, एके वर्षी मामलेदाराच्या टोपीवर. मी आदल्या दिवशी विचारायचो, "धाकू, उद्या काय बोलणार आहेस?" तर म्हणायचा, "तू काय बोलनार ता सांग, मग मी सांगतो." आता मी काय बोलणार हे त्याच्यावर अवलंबून. मग दोघेही गप्प बसायचो आणि दुसऱ्या दिवशी भीतीने माझे पाय गार पडलेले असायचे. त्याचे नाही पडायचे.

लोक म्हणतात धाकूची आठवण येते. मलाही येते. पण मला आली की राग येतो, त्याला मी काय करू? माणूस मेला, पण अडचण करायची सोडत नाही.

यावरून काय होतं ते बघ. लवकर कळव.

महिपत

*

लालबाग
ता. २१ डिसेंबर १९५४

तीर्थरूप आबांस नमस्कार.

तुमचं लिहिलेलं खोलीतल्या सगळ्या गाववाल्यांना वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, हे मामलेदार कचेरीतलं उत्तर वाटतं. हे पाठ करून मी सहाणेवर उभा राहिलो तर खालच्या वाडीला मान मागायचीही गरज पडणार नाही.

तुम्हाला खरंच काही आठवत नाही, की सांगायचं नाही? मास्तर म्हणायचे, "महिपतचा डोका त्याच्या फणसासारखा. वरून काटे आणि आत बरका." त्यावरून इथे खोलीत वाद लागला आहे. निम्मे म्हणतात तुमच्या दारचा फणस कापा, निम्मे म्हणतात बरका. मी लहानपणी खाल्ला होता, माझा हात दोन दिवस चिकटत होता असं आठवतं.

खरं काय ते कळवा.

भागोजी

*

वरची वाडी
ता. ३ जानेवारी १९५५

भागोजी यास.

माझा फणस कापा आहे. माझ्या आजोबाने लावला तेव्हापासून कापा आहे. गरा दाताखाली कुरकुरतो. बरका असतो तो बुळबुळीत, नुसता गिळायला लागतो, तसला फणस माझ्या दारात नाही. वाडीतली तुळसा परवा मुंबईला सुनेकडे निघाली आहे, तिच्याबरोबर उन्हाळ्यात तळून ठेवलेल्या गऱ्यांचा डबा पाठवतो. बरक्याचे गरे तळता येतात का, विचार तुझ्या खोलीतल्या शहाण्यांना.

मी मानाचं लिहितो, तू फणसाचं लिहितोस. शिमगा दोन महिन्यांवर आला. आणि हे फणसाचं खूळ कोणी काढलं ते मला माहीत आहे. धाकूनेच. तुला आता सांगतोच त्या माणसाने मला किती छळला ते.

दर वर्षी दिवाळी सरली, फराळाचे डबे रिकामे झाले, की धाकू आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडे उभा राहून माझ्याशी भांडण काढायचा. एके वर्षी फणस. एके वर्षी म्हणे माझ्या परसातला धूर मुद्दाम त्याच्या घरात शिरतो. एके वर्षी म्हणे मी त्याच्या म्हशीकडे बघून तोंड वाकडं केलं. मी समजावायला जायचो, तो एका शब्दाचे चार करायचा. रोज. शिमगा होईपर्यंत मला अन्न गोड लागायचं नाही. शिमगा झाला की स्वतः येऊन माझ्या ओटीवर बसायचा, पान मागायचा, जसं काही घडलंच नाही.

तुम्हा पोरांना त्याने शिकवलं. पालीच्या बाजारात पाठवायचा, नको असलेल्या मडक्याचा भाव करायला, आणि जो हसला त्याला परत पाठवायचा. पाठ केलेलं काही बोललात तर म्हणायचा, "शिळा आनलास, कोंबड्यांना घाल." मी हे सगळं बघायचो. मला त्याने तीस वर्षांत एक अक्षर शिकवलं नाही. म्हटलं तर म्हणायचा, "तुला कशाला रे शिकवायचा?"

आणि शेवटचं सांगतो. हे कोणाला बोललो नाही. ज्या पौषात तो गेला, त्याच्या आधी त्याने माझ्या कोंबड्यावरून भांडण काढलं होतं. म्हणे, "तुजा कोंबडा माझ्याच घराकडं तोंड करून आरवतो. माझी झोप मोडते. त्याचा तोंड फिरव." कोंबड्याचं तोंड कोणी फिरवतो काय? मी म्हटलं, तू तुझं घर फिरव. मग महिनाभर तेच. त्याला खोकला होता, तरी गडग्याशी यायचा. शेवटी आला तेव्हा मी रागाने पाठ फिरवली. तो मागून म्हणाला, "शिमगा येऊ दे, मग बघतो तुला." चार दिवसांनी गेला.

मी त्याला खांदा दिला. पण माझ्यावर रागावून गेलेल्या माणसाला मी खांदा दिला, असं मला वाटत राहतं. त्याच्या घरची पायरी मी त्यानंतर चढलो नाही. राहीवहिनीपुढे कुठल्या तोंडाने जाऊ?

आता तू फणसाचं काढलंस. तुला काय करायचं ते कर, पण बोलायचं काय ते ठरवून मला कळव.

महिपत

*

लालबाग
ता. २० जानेवारी १९५५

तीर्थरूप आबांस नमस्कार.

कोंबड्याचं जे लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याविषयी पत्रात लिहीत नाही. समोर आलो की बोलेन.

गरे पोचले. फार छान, कुरकुरीत आहेत. कोणाच्या झाडाचे?

भागोजी

*

(कार्ड)
वरची वाडी
ता. १ फेब्रुवारी १९५५

भागोजी यास. कोणाच्या झाडाचे असं विचारतोस. माझ्या ओटीवर वाढलेला पोर तू. आता येऊ नकोस. मान गेला तरी चालेल. मी गावकरांना जाऊन सांगतो की आमची वाडी मेली.

ता. क. रत्नागिरीच्या बंदरावरून पालीला दुपारची एस.टी. मिळते, सकाळची भरून येते. मावशीच्या लुगड्याला उंदीर लागले आहेत. येताना दुसरं आण. हिरवं बघ. धाकू हिरवंच नेसायचा.

*

वरची वाडी
ता. २४ मार्च १९५५

चिरंजीव भागोजी यास आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. आता माझं ऐक.

तू दोन दिवस माझ्या ओटीवर राहिलास. तालमीचं काढलं की म्हणायचास, "आबा, च्या घेऊ." तिसऱ्यांदा काढलं तर म्हणालास, "आबा, ह्या फणसाला यंदा कुयऱ्या कमी दिसतात, बरक्याला तसाच होतो." मी तुला हाकलायला हवा होता. सून म्हणाली पाहुणा आहे.

सहाणेवर पालखी बसली. खालच्या वाडीचे लोक आपला मृदंग घेऊन वडाखाली तयारीतच बसले होते, ते तू पाहिलंस. गौळणी आल्या. तू लुगडं नेसून, डोक्यावर टोपली घेऊन माझ्यासमोर आलास आणि गप्प उभा राहिलास. मी म्हटलं, "वाट नाही सोडत." तू गप्प. मी पुन्हा म्हटलं. तू माझ्याकडे नुसता बघतोस. मला वाटलं, गेला. पणज्याच्या आधीपासूनचा मान माझ्या डोळ्यांसमोर गेला.

मग तू टोपली उतरवलीस आणि सगळ्या गावाला विचारलंस, "दही नाही गं बायांनो, फणस हाय. कुनाच्या झाडाचा ता कोन सांगल काय?"

भागोजी, मी पेंद्या आहे, समोर पालखी आहे, हे मी विसरलो. मी म्हटलं, माझ्या झाडाचा. तू म्हणालास, "मग हात का चिकटतो?" त्यापुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही. लोक सांगतात मी फार वेळ बोललो. आजोबाचं काढलं, तळलेल्या गऱ्यांचं काढलं, मुंबईच्या शहाण्यांचं काढलं. मी थांबलो की तू बैलाच्या शेपटाला हात लावल्यासारखा एकच शब्द टाकायचास आणि मी पुन्हा उसळायचो. काशीराम गावकर टॉवेलाने डोळे पुसत होता. वडाखालच्या लोकांनी मृदंग बाजूला ठेवला आणि पुढे सरकून बसले. शेवटी तू म्हणालास, "पेंद्या, वाट नको सोडूस, मीच हितं ऱ्हाते, मला तुझ्यासंगं भांडायला बरा वाटतो," तेव्हा पालखीचे भोई पण हसले. देवीसुद्धा हलली, असं लोक म्हणतात.

मान राहिला. ते चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण आता मला रस्त्याने चालता येत नाही. जो तो विचारतो, "आबा, कापा की बरका?" पालीचा पोस्टमनसुद्धा. मी तुला खाजगी पत्रं लिहिली होती. ती तू सहाणेवर मांडलीस. मी लिहून पाठवलेलं एक वाक्य तू बोलला नाहीस.

आणि कोंबड्याचं समोर बोलणार होतास. बोलला नाहीस.

महिपत

*

लालबाग
ता. ४ एप्रिल १९५५

तीर्थरूप आबांस पाया पडून नमस्कार.

समोर बोलायचं धैर्य झालं नाही. तुमच्या ओटीवर बसलो की तोंडाशी यायचं आणि मागे जायचं. म्हणून लिहितो.

माझं पहिलं पत्र खरं होतं. मला लिहिलेलंच हवं होतं. पण तुमचं "इथे धाकू काहीतरी म्हणाला" आलं आणि मी ते वाचून दाखवलं, तेव्हा खोलीतले लोक हसून लोळले. कोणी हसलं नाही असं मी खोटं लिहिलं. त्या हसण्यात मला मास्तरांचं एक बोलणं आठवलं. पालीच्या बाजारातून परत येत होतो. मी विचारलं, "मास्तर, तुम्ही आम्हाला एवढी तालीम देता, महिपत आबांना का देत नाही?" ते म्हणाले, "महिपतला सांगून तालीम दिली तर तो पाठ करतो. पाठ केला की लाकूड होतो. त्याला तापवून ठेवायला लागतो. दिवाळीला विस्तू पेटवायचा, शिमग्यापर्यंत राख धरू द्यायची नाही. तो तापला की मला फक्त फुंकर घालायची असते. लोक म्हणतात धाकू हसवतो. हसवतो महिपत." मी तेव्हा पोर होतो, मला वाटलं थट्टा करतात.

म्हणून मी फणस पेटवला. पाठ केलेलं माझ्याजवळ काही नव्हतं. तुम्ही होतात.

आता कोंबड्याचं. आबा, तुमची तालीम चालू होती. ते रागावून गेले नाहीत, तालीम अर्धी टाकून गेले. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी तुम्हाला एकदा खोटं लिहिलं आहे. राहीआजीला जाऊन विचारा.

भागोजी

*

वरची वाडी
ता. १५ मे १९५५

चिरंजीव भागोजी यास आशीर्वाद.

तुझं पत्र मला पटलं नव्हतं. म्हणून महिनाभर गेलो नाही. परवा गेलो. राहीवहिनी अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. मी पायरीशीच उभा राहिलो आणि विचारलं, "वहिनी, धाकूला माझ्या कोंबड्याचा फार त्रास होता काय?"

त्या म्हणाल्या, "त्यांना? उशाशी ढोल वाजवलात तरी जाग यायची नाय."

"मग भांडत का होता?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. हसत होत्या. म्हणाल्या, "भावजी, गडग्यावरून घरात आले की तुमचा बोलना मला करून दाखवायचे. हात कसा उडवलात, पाठ कशी फिरवलीत, सगळा. खोकला यायचा, मी म्हनायचे आता पुरे, तरी दाखवायचे. शेवटच्या दिवशी पन दाखवला. म्हनाले, घर फिरव म्हनतो, हा माझ्या डोक्यात आला नसता. यंदा महिपत लवकर तापला."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुमाला कळला तर तुमी तापाल व्हय? त्यांनी शपथ घातली होती. आनि तुमी तरी कुठं आलात? मी म्हनत होते, भावजी माझ्यावर कशाला रागावलेत."

तिथे चहा घेतला आणि घरी आलो. कोंबडा गडग्यावर बसला होता, तोंड धाकूच्या घराकडे. मी त्याला हाकलला नाही.

मला राग आला आहे, भागोजी. तीस वर्षं मला अन्न गोड लागू दिलं नाही त्या माणसाने. सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी काय पाठ करून बसलो असतो? बसलो असतो बहुतेक.

फणस उतरवले. पहिला राहीवहिनींकडे दिला. दुसरा बंदरावर जाणाऱ्या माणसाबरोबर तुला पाठवत आहे. खोलीत सगळ्यांसमोर काप. मला काही कळवायची गरज नाही.

महिपत

*

वरची वाडी
ता. २० नोव्हेंबर १९५५

भागोजी यास. आशीर्वाद मागाहून.

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, म्हणून लिहायला बसलो. एक गोष्ट शिमग्यापासून मनात आहे, ती आज बोलतो. तू दोन रात्री माझ्या ओटीवर झोपलास आणि घोरलास. ओटीच्या मागे माझा गोठा आहे हे तुला माहीत होतं. त्या दिवसापासून माझ्या म्हशीचं दूध कमी झालं. मी सगळं बघितलं, चारा तोच, पाणी तेच. घोरणं तेवढं नवीन होतं. म्हशीला वाटलं शेजारी रेडा आणून बांधला.

राहीवहिनींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, मुंबईकडची घोरायची पद्धतच तसली. त्या साक्षीला उभ्या राहायला तयार आहेत.

तुला काही म्हणायचं असेल तर पत्राने म्हण. मी ऐकून घेणार नाही. आणि माझ्या म्हशीविषयी वाकडं लिहिलंस तर सांगून ठेवतो.

शिमगा येऊ दे, मग बघतो तुला.

महिपत